आम्ही ज्याला ‘शांत’ म्हणत होतो

बरीच वर्षं मी अतिदक्षता विभागातून बरं होऊन बाहेर पडणाऱ्या प्रत्येक पेशंटला निरोप देताना एक वाक्य बोलत असे : “इथलं सगळं आता विसरून जायचं.” त्या वाक्यात माया होती आणि माझं वैद्यकीय मतही होतं. पेशंटला इथलं काही आठवत नसेल तर ते आमच्या औषधांचं यश, असं मी मानत होते. आणि आठवत असेल तर ते उकरू नये. धरलेली खपली काढू नये, हे घरातली म्हातारी माणसंही सांगतात.

आता मी ते वाक्य बोलत नाही. हा बदल कसा झाला ते लिहावंसं वाटतं, कारण ते वाक्य बोलणारी मी एकटी नव्हते.

मी शिकले त्या काळात व्हेंटिलेटरवरचा पेशंट म्हणजे झोपवलेला पेशंट, हे आम्ही गृहीत धरलं होतं. मिडाझोलामचा ड्रिप चालू असे. या औषधानं झोप येते आणि नव्या आठवणी रुजत नाहीत. आम्हाला दोन्ही हवं होतं. सकाळी हँडओव्हर देताना सिस्टर सांगायच्या, “तीन नंबर शांत आहे, मॅडम.” ते ऐकून बरं वाटायचं. शांत म्हणजे नळी ओढत नाही, यंत्राशी झगडत नाही, रात्रपाळीच्या डॉक्टरला उठवत नाही. बाहेर बाकावर बसलेले नातेवाईक विचारायचे, “त्यांना काही कळत नाही ना?” मी म्हणायचे, “नाही, झोपेत आहेत.” हे उत्तर ऐकून त्यांचा जीव भांड्यात पडायचा, आणि खरं सांगायचं तर माझाही.

आमच्या विभागातल्या एका सिस्टरनी एकदा मला विचारलं होतं, “मॅडम, वॉर्डात गेलेल्या पेशंटना इथलं काय आठवतं हे एकदा विचारून बघूया का? काहीजण फार विचित्र सांगतात.” मी त्यांना गप्प केलं. आवाज चढवला नाही, पण गप्प केलं. म्हणाले, “मरणाच्या दारातून आलेल्या माणसाला त्या दाराची आठवण कशाला द्यायची?” वाक्य बरं जमलं होतं. त्या पुन्हा काही बोलल्या नाहीत.

मग ते काका आले. त्यांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलून सांगते. वय साठीच्या आसपास. सगळा जन्म सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या पोत्यांच्या तोलाईत गेलेला. दोन्ही फुप्फुसांत न्यूमोनिया आणि रक्तात जंतुसंसर्ग. अकरा दिवस व्हेंटिलेटर. वाचतील असं पहिल्या चार दिवसांत आमच्यापैकी कुणालाच वाटलं नव्हतं. ते वाचले. दोन महिन्यांनी ओपीडीत आले तेव्हा एक्स-रे इतका स्वच्छ होता, की मी तो शिकाऊ डॉक्टरांना दाखवायला बोलावलं. बोटाला लावलेल्या यंत्रावरचा आकडा वाचून म्हणाले, “बघा, सत्त्याण्णव! ऐंशीवर आले होते हे.”

काका खुर्चीवरून उठले आणि भिंतीला पाठ लावून उभे राहिले. कपाळावर घाम होता. मला आधी वाटलं, हृदयाचं काही झालं. काकू म्हणाल्या, “असंच होतं ह्यांना, मॅडम. रात्रीची झोप नाही. यार्डात जातो म्हणून निघतात आणि गेटावरून माघारी येतात. गावाकडं देवऋषी बघितला, उतारा टाकला. तुम्हाला कुठल्या तोंडानं सांगायचं? तुम्ही तर जीव वाचवलाय.”

शिकाऊ डॉक्टरांना बाहेर पाठवून मी विचारलं. बऱ्याच वेळानं काका बोलले, तेही माझ्याकडे न बघता. त्यांना पोत्यात घालून सौद्याला ठेवलं होतं. हात बांधलेले होते. मानेपाशी दाभणानं टाके घातले होते, पोत्याचं तोंड सुतळीनं शिवतात तसे. रोज सकाळी माणसं भोवती घोळका करून उभी राहायची आणि आकडे बोलायची. सगळ्यात पुढे एका बाईचा आवाज असायचा. “ऐंशीवरून साठ, साठावरून पन्नास. माझा भाव रोज उतरत होता, मॅडम, आणि तुम्ही खूश होत होता. चाळीस झाले त्या दिवशी मला गाडीवर घालून बाहेर काढलं.”

तो घोळका म्हणजे आमचा सकाळचा राउंड. ते आकडे म्हणजे व्हेंटिलेटरमधून दिल्या जाणाऱ्या ऑक्सिजनचं प्रमाण. ते उतरत होतं म्हणून मी आनंदानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं, त्यांच्या पायाशी उभी राहून सांगत होते. अकरा दिवस त्यांना जिवाची भीती घालणारा आवाज माझा होता.

त्यावर मी काय केलं, तेही सांगितलं पाहिजे. मी म्हणाले, “काका, तो भास होता. असं काही झालं नव्हतं.” त्यांनी भिडेखातर मान हलवली. पुढच्या तारखेला ते आलेच नाहीत, काकू एकट्या आल्या.

त्या रात्री मी त्यांची फाइल काढून बसले. नर्सिंगच्या तक्त्यावर, वेगवेगळ्या हस्ताक्षरांत, अकरा दिवसांत एकच शब्द पुन्हा पुन्हा लिहिलेला होता : शांत. आपल्या आज्या ज्याला ‘वात झाला’ म्हणायच्या, तो भ्रम काकांना त्या दिवसांत झाला होता आणि आम्ही तो ओळखला नव्हता. वात म्हटलं की बडबड, अंथरुणातून उठून पळणं डोळ्यांसमोर येतं. पण अतिदक्षता विभागात या भ्रमाचं गप्प रूपही खूप आढळतं. माणूस डोळे मिटून निपचित पडलेला असतो आणि आत सौदा चालू असतो.

दुसऱ्या दिवशी मी त्या सिस्टरना चहाला बसवलं आणि विचारलं, “पेशंट तुम्हाला काय काय सांगायचे?” त्या तासभर बोलल्या. हवेच्या गादीवर झोपलेल्या एका आजोबांना वाटत होतं, आपल्याला होडीतून नदीपल्याड नेत आहेत आणि परत आणणार नाहीत. एका मुलाला खात्री होती की त्याची किडनी काढून घेतली. घरी गेल्यावर तो आरशात पाठ बघून व्रण शोधायचा. घशातला कफ ओढून काढताना एका बाईंना वाटायचं, कुणीतरी गळा दाबतंय. आणि ते दाबणारे हात त्यांना अंघोळ घालणाऱ्या मावशींचे होते. सिस्टरना हे सगळं वर्षानुवर्षं ठाऊक होतं. मला ठाऊक नव्हतं, कारण मी विचारलं नव्हतं आणि इतरांनाही विचारू दिलं नव्हतं.

मग मी वाचायला लागले. जे वाचलं ते वैद्यकीय नियतकालिकांत उघड छापलेलं होतं, बरंचसं माझ्या उमेदीच्या काळातलं. इंग्लंडमध्ये लिव्हरपूलजवळच्या व्हिस्टन रुग्णालयात क्रिस्टिना जोन्स आणि रिचर्ड ग्रिफिथ्स यांनी सहकाऱ्यांसह २००० साली एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. अतिदक्षतेतलं पेशंटला काय आठवतं हे मोजण्यासाठी ती केली होती. तीत आठवणींचे तीन वेगळे कप्पे आहेत. पहिला खऱ्या घटनांचा : घरची माणसं, यंत्रांचे आवाज, दिवे, श्वासाची नळी, सक्शन, अंधार, डॉक्टरांचा राउंड. दुसरा भावनांचा : वेदना, गोंधळ, भीती, खिन्नता. तिसरा भ्रमातल्या आठवणींचा : भास, दुःस्वप्नं, कुणीतरी आपल्याला इजा करतंय ही भावना.

हे कप्पे वेगळे करण्यातच माझ्या मताची पाळंमुळं उखडली गेली. त्याच गटानं २००१ साली मांडलेला निष्कर्ष असा होता, की ज्यांना खरं काहीच आठवत नाही आणि फक्त भ्रमातलं आठवतं, त्यांच्यात आघाताची लक्षणं जास्त दिसतात. खरी आठवण, अगदी नळीची आणि दुखण्याचीसुद्धा, माणसाला थोडा आधार देते असं दिसत होतं. मी औषधानं नेमकी ती खरी आठवण पुसत होते. पुसलेली जागा रिकामी राहील असं धरून चालले होते. पण मन आपल्यावर काय ओढवलं याची गोष्ट रचल्याशिवाय राहत नाही. हाताशी बांधलेली मनगटं असतील, मानेतले टाके असतील, घोळक्यानं बोललेले आकडे असतील, तर त्यांचीच गोष्ट होते. आणि आयुष्यभर तोलाई केलेल्या माणसाची गोष्ट मार्केट यार्डातच घडते.

गाढ झोपेचं माझं समर्थनही टिकलं नाही. जे. पी. क्रेस आणि त्यांच्या शिकागोतल्या सहकाऱ्यांनी १२८ पेशंटवर केलेला अभ्यास २००० साली आला होता. झोपेचं औषध रोज थोडा वेळ थांबवून पेशंटला जागं केलं, तर व्हेंटिलेटर लवकर सुटतो, हे त्यातून दिसलं होतं. जागं केल्यानं मनावर आघात होईल ही माझी भीती होती. त्यांनीच २००३ मध्ये मागोवा घेतला, तेव्हा तसं काही आढळलं नाही. मुळात अतिदक्षतेच्या या शाखेचा उगम सांगितला जातो तो १९५२ सालच्या कोपनहेगनमधल्या पोलिओच्या साथीत. ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाच्या योजनेनुसार सुमारे १,५०० विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून पेशंटच्या फुप्फुसांत हातानं हवा भरली. हवा भरणारा विद्यार्थी उशाशी बसलेला असे. उशाशी एक माणूस, ही या शाखेची सुरुवात होती. गाढ झोप आम्ही मागाहून आणली.

काकूंमार्फत निरोप पाठवून मी काकांना पुन्हा बोलावलं. या वेळी ‘भास’ हा शब्द उच्चारला नाही. त्यांची फाइल उघडून समोर ठेवली. आकड्यांचे रकाने वाचणं हे त्यांचं रोजचं काम. ते रकान्यावरून बोट फिरवत गेले. ऐंशी, सत्तर, साठ, पन्नास.

“हे कशाचं माप?” त्यांनी विचारलं.

“ऑक्सिजनचं. आपण आत्ता घेतोय त्या हवेत तो एकवीस टक्के असतो. तुम्हाला तेव्हा ऐंशी लागत होता.”

ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “म्हणजे एकविसाला आलो की सुटलो.”

मानेतल्या नळीला आम्ही टाके घातले होते, तेही सांगितलं. त्यांनी गळ्याशी हात नेऊन तो बारीक व्रण चाचपला. टाके होते, घोळका होता, आकडे होते, बांधलेले हातही होते. त्यांच्या डोळ्यांनी त्यांना फसवलं नव्हतं. फक्त त्या सगळ्याचा अर्थ त्यांना कुणी सांगितला नव्हता. मी त्यांची माफी मागितली. आयुष्यात पेशंटची मागितलेली ती माझी पहिली माफी.

त्या दिवसापासून ते बरे झाले असं झालं नाही. मानसोपचारतज्ज्ञांकडे कित्येक महिने जावं लागलं, औषधंही लागली. गेटाच्या आत पाऊल पडायला दिवाळी उजाडली. दोन महिने आधी विचारलं असतं तर त्यातल्या काही रात्री वाचल्या असत्या, असं मला वाटत राहतं.

मग आम्ही आमच्यापुरती मराठी प्रश्नावली करायला बसलो. परदेशी प्रश्नावलीचा नुसता तर्जुमा करून भागलं नाही. “भास झाले का?” असं विचारलं की उत्तर येई, “नाही.” एकतर भास म्हणजे वेड, आणि वेड लागलं असं चारचौघांत कोण कबूल करील? दुसरं कारण अधिक खोल होतं. ज्याला ती आठवण आहे त्याच्या लेखी तो भास नसतोच, घडलेली गोष्ट असते. ‘भास’ हा निवाडा झाला, आणि आम्ही तो प्रश्नातच देऊन टाकत होतो. शब्द अखेर सिस्टरनीच सुचवले : “तिथं असताना बऱ्याच जणांना काहीबाही दिसतं, ऐकू येतं. तुमच्या बाबतीत काय काय घडलं?” या प्रश्नाला माणसं बोलू लागली.

उत्साहाच्या भरात माझ्याकडून चूकही झाली. एका बाईंना मी वॉर्डात तिसऱ्याच दिवशी, मुलगा आणि सून शेजारी असताना विचारलं. त्या काही बोलल्या नाहीत, नुसत्या रडल्या. पुढे महिन्याभरानं, एकट्या असताना त्यांनी सिस्टरना सांगितलं. लघवीची नळी घालतानाचा प्रसंग त्यांच्या मनात बलात्कार म्हणून राहिला होता. हे मुलासमोर कसं सांगणार? तेव्हा कळलं, खपलीची म्हण सगळीच खोटी नव्हती. आघातानंतर लगेच एका बैठकीत माणसाला सगळं ओकायला लावण्याचा प्रकार जगभर मागे पडला आहे, कारण त्यानं फायदा दिसला नाही आणि काहींचं बिघडण्याचा धोका दिसला. म्हणून आता आम्ही भ्रम ओसरल्यावर विचारतो, पेशंटशी एकट्यात बोलतो, शक्यतो बाईला बाईच विचारते. आणि पहिलं वाक्य असतं, “सांगायचं नसेल तर नका सांगू.” दोन-तीन महिन्यांनी पुन्हा विचारतो, कारण बऱ्याच गोष्टी घरी गेल्यावर, रात्री दिवा मालवल्यावर वर येतात.

विभागात आणखी एक गोष्ट सुरू केली, रोजची वही. स्वीडन, डेन्मार्क, नॉर्वे या देशांत परिचारिका आणि नातेवाईक बेशुद्ध पेशंटसाठी रोजनिशी लिहितात, ही जुनी रीत आहे. सहा युरोपीय देशांतल्या ३५२ पेशंटवर झालेल्या, २०१० साली छापलेल्या चाचणीत वही मिळालेल्यांपैकी ५ टक्के लोकांना नव्यानं आघातविकार झाला, न मिळालेल्यांपैकी १३ टक्के लोकांना. आमच्याकडे साधी शंभरपानी वही असते. “आज नळी काढली. तुम्ही माझा हात दाबला. बाहेर धो धो पाऊस आहे,” असं त्यात कुणाची सून लिहिते, कुणाचा नातू.

पुढे २०१९ साली दोन मोठ्या चाचण्यांचे निष्कर्ष आले आणि मी अस्वस्थ झाले. फ्रान्समधल्या ३५ विभागांत वहीनं आघाताची लक्षणं लक्षणीय कमी झाली नाहीत. ब्रिटनमधल्या २४ विभागांत परिचारिकांनी पेशंटना दिलेल्या मानसिक आधाराच्या योजनेचाही तसा फायदा दिसला नाही. मी पुन्हा एकदा आपल्याला हवं तेच खरं मानत होते का? बराच विचार केला. थर्मामीटरनं ताप उतरत नाही, पण म्हणून ताप बघायचाच नाही असं कुणी म्हणत नाही. विचारल्यानं पेशंट बरा होतो असा माझा दावा नाही. विचारल्यानं कळतं, आणि कळल्यावर मग फाइल उघडता येते, मानसोपचारतज्ज्ञांचा पत्ता देता येतो, घरच्यांना सांगता येतं की ही बाहेरची बाधा नाही. अतिदक्षतेतून वाचलेल्यांपैकी साधारण पाचातल्या एकाला अशी लक्षणं वर्षभरात दिसतात, असं निरनिराळे अभ्यास एकत्र पाहिल्यावर दिसतं. इतक्या लोकांचं दुखणं न विचारता राहू देणं मला आता जमणार नाही.

कोविडच्या लाटांत तर हे सगळं शंभर पटींनी अंगावर आलं. आमचे चेहरे झाकलेले, नातेवाईक बाहेर अडवलेले, आणि पेशंटना दिसत होती नुसती पांढरी, बिनचेहऱ्याची माणसं. त्या काळात आम्ही मोठ्या अक्षरांत नाव लिहून छातीवर चिकटवायचो आणि प्रत्येक कामाआधी कानाशी सांगायचो, “मी अमुक. आता घसा साफ करते. दोन मिनिटं त्रास होईल.” हे थकलेल्या अवस्थेतही करत राहिलो, कारण ऐकणारा झोपेत असला तरी काय ऐकतो हे काकांनी मला शिकवलं होतं.

आता सकाळचे आकडे आम्ही पेशंटच्या पायाशी उभं राहून बोलत नाही. हात बांधायची वेळ आलीच तर दर पाळीला का बांधले ते सांगतो आणि सोडता येतील का ते बघतो. झोपेचं औषध लागेल तेवढंच. आणि तक्त्यावर ‘शांत’ हा शब्द लिहायला बंदी आहे. हाक मारली की डोळे उघडतो का, नजर देतो का, सांगितलं की हात दाबतो का, हे लिहायचं. ही बंदी सिस्टरनी घातली, मी फक्त सही केली. त्यांना मी गप्प केलं होतं ती गोष्ट त्यांनी कधी काढली नाही. मीच काढली. त्या म्हणाल्या, “तेव्हा मी पण पुन्हा विचारायला हवं होतं, मॅडम.” त्यांनी तो दोष स्वतःवर घ्यायला नको होता. तो माझा आहे.

‘विसरून जा’ असं मी किती जणांना सांगितलं याची मोजदाद नाही. त्यांतल्या कितीजणांनी डॉक्टरबाईंनी सांगितलंय म्हणून सगळं गिळून टाकलं असेल, हेही मला कधी कळणार नाही. त्यांतलं कुणी हे वाचत असेल, किंवा तुमच्या घरात अतिदक्षतेतून परत आलेलं आणि दिवा लावूनच झोपणारं कुणी असेल, तर जिथं उपचार झाले तिथल्या डॉक्टरांकडे जा आणि सांगा. पटण्यासारखं नसलं तरी सांगा. निरोप देताना मी आता जे वाक्य बोलते ते त्यांच्यासाठीही आहे : “इथलं काही आठवलं, खरं वाटो वा न वाटो, तर माझ्याकडे या. फाइल आहे, आपण मिळून बघू.”